कुत्र्याला घेऊन कोकणात निघताय? आधी हा डबा भरा

पुण्यामुंबईत कुत्र्याला काही झालं, तर रिक्षात घालून अर्ध्या-पाऊण तासात कुठला ना कुठला दवाखाना गाठता येतो. ताम्हिणी घाटात किंवा हर्णैच्या पुढे एखाद्या वाडीत तसं नसतं. मोबाइलला रेंज येते-जाते, दवाखाना तालुक्याच्या गावी असतो आणि तिथले डॉक्टर नेमके कुणाची तरी म्हैस अडली म्हणून गोठ्यावर गेलेले असतात. यात त्यांचा दोष नाही, त्यांचं मुख्य काम तेच आहे.

मधले हे दोन-तीन तास निभावून नेणं, एवढंच प्रथमोपचाराच्या डब्याचं काम. या डब्याने कुत्रा बरा होत नाही, डॉक्टरांपर्यंत धड पोचतो. हे एकदा डोक्यात बसलं की काय भरायचं आणि काय घरी ठेवायचं, याचा घोळ बराच कमी होतो. नवखे लोक डब्यात गोळ्या कोंबतात आणि साधा टॉवेल विसरतात.

आधी आपल्या डॉक्टरांकडे

निघायच्या आठवडाभर आधी कुत्र्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. तिथे चार कामं उरकतात. पहिलं म्हणजे वजन. प्रत्येक औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि ‘असेल तीसेक किलो’ हा अंदाज हमखास चुकतो. दुसरं लसीकरण. रेबीजचं इंजेक्शन चालू मुदतीत आहे ना, ते बघा. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल, तर लेप्टोच्या लशीचं आवर्जून विचारा, कारण उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि डबकं दिसलं की पाण्याला तोंड लावल्याशिवाय कुत्रा पुढे जात नाही. तिसरं, गोचिडांवरची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध. आणि चौथं काम सगळ्यात मोलाचं: ॲलर्जी, उलटी आणि दुखणं या तिन्हींसाठी कोणतं औषध, किती आणि किती तासांनी द्यायचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

गाडीत कुत्र्याला उलट्या होत असतील, तर तेही याच भेटीत सांगा. गाडी लागू नये म्हणून कुत्र्यांसाठी वेगळी गोळी मिळते, पण ती निघायच्या किती आधी द्यायची हे डॉक्टरांनीच सांगायला हवं. शिवाय निघायच्या आधी तीन-चार तास भरपेट खायला घालू नका. वरंध असो की ताम्हिणी, पोटभर पेडिग्री खाल्लेला कुत्रा तिसऱ्या वळणावर हिशेब चुकता करतो.

डबा आणि त्याची जागा

डबा कुठलाही चालतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी प्लास्टिकची हत्यारांची पेटी मला सगळ्यात सोयीची वाटते: वरच्या कप्प्यात कात्री-चिमटा, खाली पट्ट्या. झाकणावर मार्करने कुत्र्याचं नाव, वजन आणि तुमचा फोन नंबर लिहा.

डबा डिकीत सामानाच्या तळाशी ठेवू नका. रक्त वाहत असताना आधी बॅगा उतरवायला लागणं यासारखा मनस्ताप नाही. आणि मुक्कामाला पोचलात की तो गाडीतून उतरवा. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत औषधं खराब होतात, मलमाची ट्यूब पातळ होते आणि चिकटपट्टीचा गोंद सुटतो.

जखमेचं सामान

डब्यातली निम्मी जागा याला द्या, कारण प्रवासात सगळ्यात जास्त प्रसंग पायाला लागण्याचे येतात. किनाऱ्यावरच्या खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या धारदार असतात. जांभ्याचा दगड खरबरीत असतो, आणि फुटक्या बाटल्या तर कुठे नसतात?

मेडिकलमधून आणायचं सामान असं: निर्जंतुक गॉजची पाकिटं (दहाबारा तरी), कापसाचा रोल, दोन क्रेप बँडेज, एक मायक्रोपोर पट्टी, सलाइनच्या दोन बाटल्या, सुई नसलेली २० मिलीची सिरिंज, पोव्हिडोन आयोडीन (बीटाडीनसारखं जंतुनाशक) आणि रबरी हातमोजे. स्वतःलाच चिकटणारी, केसांना न चिकटणारी पट्टी प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते, तीही घ्या. माणसांची बँडएड घरीच राहू द्या. केसाळ पायावर ती टिकत नाही, आणि टिकलीच तर कुत्रा ती खाऊन टाकतो.

वापरायची पद्धत अशी. रक्त वाहत असेल तर धुवायच्या भानगडीत न पडता आधी दाबा. गॉजची जाड घडी जखमेवर ठेवून सलग पाच ते दहा मिनिटं. मध्येच उचलून ‘थांबलं का’ बघायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याने नुकतीच धरलेली गुठळी सुटते. गॉज रक्ताने भिजलं तर ते न काढता त्यावर दुसरं ठेवा. रक्त थांबल्यावर साधी, उथळ जखम असेल तरच सिरिंजमध्ये सलाइन भरून जोरात धार सोडा. वाळू, माती, बारीक खडे धारेने जितके निघतात तितके पुसून निघत नाहीत. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतकं पातळ करा की त्याचा रंग कोऱ्या चहासारखा दिसेल. घट्ट आयोडीन सरळ जखमेत ओतू नका. डेटॉल तर नकोच, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. त्याचा फेस बघून काम होतंय असं वाटतं खरं, पण जखमेतल्या चांगल्या पेशींनाही तो भाजून काढतो.

हळदीचं काय, असं घरातली मोठी माणसं विचारणारच. खरचटण्यावर चिमूटभर लावलीत तर बिघडत नाही. पण टाके घालावे लागतील अशा उघड्या जखमेत हळद, कॉफी किंवा कुठलीही पूड भरू नका. ती धुऊन काढण्यात डॉक्टरांचा वेळ जातो आणि सोसायला लागतं कुत्र्याला. तुरटीचा खडा मात्र डब्यात असू द्या. नख मुळाशी तुटून रक्त थांबत नसेल, तर न्हावी वापरतो तसा ओला करून नखाच्या टोकाला दाबून धरायचा. झोंबतो, म्हणून कुणाला तरी डोकं धरायला सांगा.

पट्टी बांधताना पायाच्या बोटांपासून वर जा. बोटांच्या फटींत कापसाचे छोटे बोळे ठेवा, नाहीतर तिथे घाम साचून कातडं सोलवटतं. पट्टीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. पंजा सुजला, गार लागला, पट्टी ओली झाली किंवा तिला वास यायला लागला, तर लगेच सोडा. ओल्या वाळूत फिरायचं असेल तर वरून प्लास्टिकची पिशवी, परत आल्यावर मात्र पिशवी काढायचीच.

गावातल्या कुत्र्यांशी भांडण झालं तर? दाताच्या जखमा वरून टिकलीएवढ्या दिसतात, आतून मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते. केस बाजूला सारून सगळं अंग हाताने चाचपा, साबण-पाण्याने धुवा (हातमोजे घालून), त्यावर घट्ट पट्टी बांधू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आधी लस झालेली असली, तरी चाव्यानंतर रेबीजचं इंजेक्शन पुन्हा लागेल का, हे त्यांना विचारा. सोडवताना माणसाला दात लागला असेल, मग तो आपल्याच कुत्र्याचा का असेना, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. घरगुती कुत्रा आहे, काही होत नाही, हे वाक्य इथे चालणार नाही.

पावसाळ्यात आणखी एक कटकट म्हणजे जखमेत माशी बसून अळ्या होतात, आणि त्या फार भरभर वाढतात. त्यावरचा फवारा प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळतो, एक घेऊन ठेवा. फिनाइल किंवा रॉकेल ओतायचा सल्ला गावात कुणी ना कुणी देतंच. मान डोलवा आणि करू नका.

गोळ्या थोड्याच, त्याही लिहून घेतलेल्या

नवख्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आपल्या पर्समधली क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान, ॲस्पिरिन यातलं काहीही कुत्र्याला द्यायचं नाही. अर्धी नाही, पावही नाही. क्रोसिन-डोलोमधल्या पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत खराब होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद जाते. कॉम्बिफ्लाममधल्या आयब्युप्रोफेनने आणि व्होव्हेरानमधल्या डायक्लोफेनॅकने पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लंगडतोय म्हणून कुणी मायेने दिलेली गोळी मूळ दुखण्यापेक्षा महागात पडते. जुलाब थांबवायची माणसांची गोळीही नको, कोली जातीच्या काही कुत्र्यांना ती विषासारखी बाधते.

मग ठेवायचं काय? डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲलर्जीची गोळी. ती घेताना पाकिटावरचे घटक वाचा, कारण सर्दीच्या अनेक गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधासोबत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं औषधही असतं, आणि दोन्ही कुत्र्याला घातक. त्यांनीच दिलेली उलटीची गोळी. साध्या ओआरएसची दोन पाकिटं, पण ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं काहीही नको, कारण गोडव्यासाठी झायलिटॉल वापरलं असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपकन खाली येते. आणि कुत्र्याचं रोजचं एखादं औषध चालू असेल, तर ते मुक्कामापेक्षा तीन-चार दिवस जास्तीचं.

कुत्र्याने काही भलतंच खाल्लं, म्हणजे चॉकलेट, मनुका, उंदराचं औषध, तर पाकीट किंवा उरलेला तुकडा जपून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. काय, किती आणि कधी, हे तीन प्रश्न ते विचारणारच. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची पद्धत अजूनही सर्रास सांगितली जाते. ती करू नका, त्या मिठानेच कुत्रे दगावतात. फिनाइल, ॲसिड, रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी काढण्याचा विचारही नको.

हत्यारं आणि किरकोळ सामान

बोथट टोकाची कात्री, चिमटा, लहान टॉर्च, व्हॅसलीन आणि टोक वाकणारं डिजिटल थर्मामीटर. कुत्र्याचं तापमान गुदद्वारातून घेतात: टोकाला व्हॅसलीन लावून साधारण एक इंच आत, शेपटी हलकेच उचलून. हे थर्मामीटर वेगळं ठेवा आणि त्यावर ठळक अक्षरात तसं लिहा, घरात भांडणं नकोत. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. म्हणजे माणसाचा ताप तो कुत्र्याचं ठीकठाक, हे लक्षात राहू द्या. १०३ च्या वर फोन, १०४ च्या वर धावपळ.

तोंड बांधायची जाळी किंवा पट्टा घ्या. ‘आमचा कधीच चावत नाही’ हे खरं असेलही, पण मोडलेला पाय उचलताना कुठलाही कुत्रा दात लावतो. जाळी नसेल तर क्रेप बँडेजचा लांब तुकडा किंवा ओढणी: नाकाडावर एक सैल गाठ, दोन्ही टोकं हनुवटीखाली आणून पुन्हा एक वेढा आणि मग कानांमागे फुलगाठ. ओढलं की सुटली पाहिजे. कुत्र्याला उलट्या होत असतील, धाप लागली असेल, ऊन लागलं असेल किंवा पगसारखं चपटं तोंड असेल, तर तोंड अजिबात बांधू नका.

याशिवाय एक जुनी चादर (मोठ्या कुत्र्याला झोळी करून उचलायला), दोन टॉवेल, जास्तीचा पट्टा, आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचं प्लास्टिकचं नरसाळं. नरसाळं मावत नसेल तर पोटा-पाठीच्या जखमेवर जुना टीशर्ट घालून शेपटीशी गाठ मारली तरी चालतं.

ऊन

याला डब्यात जागा कमी आणि गाडीत जास्त लागते: पिण्याव्यतिरिक्त किमान पाच लिटर पाणी. बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत तापमान चढतं. महाडला वडापाव घ्यायला उतरताना एकजण गाडीत एसी चालू ठेवून थांबणार, हे घरून निघतानाच ठरवा. काच दोन बोटं खाली ठेवून भागत नाही.

न थांबणारी धाप, लाळेच्या तारा, लालभडक हिरड्या, झोकांड्या जाणं ही ऊन लागल्याची लक्षणं. अशा वेळी आधी गार करा, मग गाडी हाकला. सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओतत राहा, विशेषतः पोट, काखा, जांघा आणि पंजांवर, आणि सोबत वारा घाला किंवा एसीचा झोत सोडा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर खालची वाफ तिथेच कोंडते, त्यामुळे पांघरू नका. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. कुत्र्याचं तापमान १०३ फॅरनहाइटवर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर नको इतकं खाली जातं. नंतर तो शेपूट हलवत उठला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच, कारण मूत्रपिंडांचं नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसायला लागतं.

ऋतू आणि मुलूख बघून

दिवाळीनंतर घाटमाथ्यावर गेलात तर कुसळी गवत तयार झालेलं असतं. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावरचे बारीक केस मागच्या दिशेने वळलेले, त्यामुळे ते एकदा रुतलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या फटींत, कानात, काखेत शिरतं आणि आठ दिवसांनी तिथे गळू येतं. प्रत्येक फेरीनंतर टॉर्च घेऊन बोटं एकेक करून उघडून बघा आणि वर दिसणारं कुसळ चिमट्याने उपटा. कुत्रा एकाच बाजूला डोकं झटकत राहिला तर कानात काही तरी गेलंय. तिथे चिमटा घालू नका, ते काम डॉक्टरांचं. डोळ्यात गेलं असेल तर फक्त सलाइनने धुवा. घरात पडलेले जुने डोळ्यांचे थेंब टाकू नका, त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

किनाऱ्यावर कोळ्यांनी जाळ्यातून काढून टाकलेली मासळी पडलेली असते. त्यात फुगलेला केंड (फुगा मासा) असेल, तर कुत्र्याला तो हुंगूही देऊ नका, त्याचं विष जीवघेणं असतं. गळ ओठात रुतला तर उलटा ओढू नका, दोरी कापा आणि तसंच घेऊन जा. पावसाळ्यात अंगणात येणारे खडबडीत पाठीचे बेडूक, म्हणजे भेक, कुत्रे तोंडात धरतात आणि मग फेस गाळत बसतात. तोंड खाली करून बाजूने पाण्याची धार सोडत पाच-दहा मिनिटं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. झटके आले तर पळा.

सापाचं वेगळं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे बनते आणि कुत्र्यालाही तीच देतात. त्याखेरीज डब्यातलं काहीच उपयोगाचं नाही. चावलेल्या जागी चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं, वर दोरी आवळणं यातलं काहीही करू नका. गळ्यातला पट्टा काढा, कारण तोंडाला चावलं असेल तर मान सुजते. कुत्र्याला चालवू नका, चादरीत उचला. गाडी सुरू करतानाच फोन करून ‘सर्पदंशाची लस आहे का’ हे विचारा, नसेल तर पुढचा नंबर लावा.

हे नंबर आदल्या रात्री लिहून ठेवलेले हवेत. माणगाव, महाड, मंडणगड, दापोली असे वाटेवरचे दवाखाने शोधून प्रत्येकाला एक फोन करा: कुत्रे बघता का, रविवारी असता का, रात्री उघडं असतं का. निम्मे पर्याय इथेच गळतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असेल, तर तिथे पशुवैद्यक असतात की फक्त पशुधन पर्यवेक्षक, हेही विचारा. शासनाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांकही लिहून ठेवा. फिरती पथकं प्रामुख्याने गुराढोरांसाठी आहेत, तरी जवळचे डॉक्टर कोण, हे तिथून कळू शकतं. घाटात रेंज नसते, तेव्हा हे सगळं कागदावर.

एक गोष्ट मोठ्या, रुंद छातीच्या कुत्र्यांच्या मालकांनी लक्षात ठेवावी. जेवणानंतर पोट ढोलासारखं फुगलं आणि कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण काहीच बाहेर पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. डबा उघडू नका, गाडी काढा. रस्ता कितीही लांबचा असो, शस्त्रक्रिया होईल अशाच ठिकाणी न्या.

घरीच रंगीत तालीम

निघायच्या आधी संध्याकाळी टीव्ही बघत बसलेले असताना कुत्र्याच्या निरोगी पायाला पट्टी बांधून बघा. थर्मामीटर लावून बघा. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा: पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. तुमच्या कुत्र्याच्या हिरड्या मुळातच काळ्या असतील, तर खालच्या पापणीच्या आतला रंग बघून ठेवा. तो निवांत झोपला असताना मिनिटाला श्वास किती, तेही मोजा. बहुतेक निरोगी कुत्र्यांत ते तीसच्या आत असतात. हे आकडे झाकणावर वजनाच्या खाली लिहा. प्रत्येक वेळी खाऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी डबा दिसला की तो पलंगाखाली पळणार नाही.

परत आल्यावर डब्यात वापरलेलं भरून ठेवा आणि अंगावर गोचीड शोधा: कानांच्या घड्या, मान, बोटांच्या फटी. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची, रॉकेल लावायचं नाही, नखांनी चिरडायची नाही. पुढचे तीनेक आठवडे लक्ष असू द्या. ताप, खाण्यावरून मन उडणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त येणं यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगताना ‘आम्ही कोकणात जाऊन आलो, अंगावर गोचीड सापडले होते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे रक्ताची तपासणी त्याच दिवशी होते.